अंबाडीची काडी

पऱ्हाटी मोडताना सोजरबाई डोळे मिटायची.

कामरगावात तेव्हा घरोघरी चुलीला पऱ्हाटीच असे. कापूस वेचून झाला की शेतातली वाळलेली झाडं उपटायची, भारे बांधून घरामागे रचायचे आणि वर्षभर जाळायचे. बाया पऱ्हाटी गुडघ्यावर घेऊन बोलता बोलता कटकन मोडत. सोजरबाईचं बोलणं मात्र तेवढ्यापुरतं थांबे. ती डोळे मिटायची, मोडायची, आणि डोळे उघडले की आधी घरात कोण कुठे आहे ते बघून घ्यायची. मग काडी चुलीत जायची. जावा पाठीमागे हसत. धाकटी जाऊ एकदा तोंडावरच म्हणाली, "अवो बाई, काडीले भेता का तुमी?"

"हाव," सोजरबाई म्हणाली, "भेतो."

ती हसत नव्हती. जाऊही मग हसली नाही.

ही भीती तिला जऊळक्याला लागली. जऊळका तिच्या बापाचं गाव. रेल्वे येऊन दहाएक वर्षं झाली होती, आणि गाडीची शिट्टी घरात ऐकू यायची. घर लहान होतं. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला चूल. दारात उकंडराव बसायचा, चुलीपाशी रंगूबाई. मधल्या जागेत सोजर.

उकंडराव आणि रंगूबाईचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. ते भांडत नसत. घरात आवाजच नसे. उकंडरावाला काही सांगायचं झालं तर तो बाहेर बघत म्हणे, "सोजर, तुह्या मायले सांग, बैलाची ढेप संपली."

रंगूबाई तिथेच असे. तिला ऐकू आलेलं असे. तरी ती हात थांबवून वाट बघे. सोजर चुलीपाशी जाई आणि म्हणे, "माय, ढेप संपली."

"तुह्या बाबाले सांग, मले दिसते."

सोजर परत दाराशी जाई.

हे कधी सुरू झालं ते तिला आठवत नव्हतं. बोलता यायला लागल्यापासून तिच्याकडे हेच काम असावं. कडू शब्द वाटेत गाळायला ती लवकरच शिकली. बाप म्हणे, "तुह्या मायले सांग, जीवावर आलं असन तं माहेरी चालती हो म्हना." तेवढ्या चार पावलांत सोजर विचार करी आणि चुलीपाशी पोचून म्हणे, "माय, बाबाले भूक लागली." रंगूबाई तिच्याकडे बघत राही. मग भाकर वाढी. सोजरला वाटे, आज निभावलं.

घर आपण धरून ठेवलं आहे, असं तिला वाटत असे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला ते जड होतं, पण त्यात एक अभिमानही होता. घर आपण धरलं असेल तर ते पडेल तेव्हाही आपल्याच हातून पडेल, हे तिला अजून सुचलं नव्हतं.

धाकटी कस्तुरा तशी नव्हती. ती एकदा जेवता जेवता सरळ म्हणाली, "माय, तू बाबासंग काहून नाही बोलत?" सोजरने घाईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. रंगूबाई चुलीतला विस्तव सारू लागली. कस्तुराने थोडी वाट पाहिली, मग पाणी प्यायली आणि खेळायला गेली.

त्यांच्या जातीत नवरा-बायकोचं जमेनासं झालं, दोन्हीकडची माणसं समजावून थकली, की पंच बसत. पंचांसमोर नवऱ्याने आणि बायकोने एका काडीची दोन टोकं धरायची आणि ती मोडायची. काडी मोडली की लग्न सुटलं. पुढे बाईने दुसऱ्या कुणाशी पाट लावला तरी तिला बोल लावायचा नाही. याला काडीमोड म्हणत. काडी त्याच घरची पाहिजे, असा जऊळक्याच्या पंचांचा रिवाज होता.

मुलींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एके दिवशी दुपारी गावातली मोठी माणसं पारावर बसली होती. मामा आला होता. माय एका बाजूला पदर ओढून बसली होती, बाबा दुसऱ्या बाजूला. कस्तुरा मामाच्या मांडीवर पेंगत होती. पंचांमधले जगदेव पाटील इकडे तिकडे बघत होते. त्यांची नजर सोजरवर थांबली.

"ए पोरी, तू उकंडाची ना? जाय बरं, घरून एक काडी आण."

"कायची काडी, आबा?"

"कायची बी आण."

चिलमीला हवी असेल, असं तिला वाटलं. इतक्या मोठ्या माणसांमध्ये आपल्याला काम सांगितलं म्हणून ती धावतच गेली. घरामागे अंबाडीची पेंढी पडली होती. तिने आधी तिच्यावरच हात ठेवला, पण त्या काड्यांची साल निघालेली, लोंबणारी. चांगली दिसेना. शेजारी तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा भारा होता. त्यातली एक तिने उपसली, टाकली, दुसरी घेतली. सरळ, कोरडी, एकही गाठ नसलेली. वरची बारीक फाटी तोडली, परकराला पुसली आणि पळत येऊन पाटलांच्या हातात दिली.

"शाब्बास! अशी काडी पाह्यजे."

सोजरने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

पाटलांनी काडीचं एक टोक उकंडरावापुढे धरलं, दुसरं रंगूबाईपुढे. दोघांनी धरलं. दोघांनी मिळून एकच वस्तू हातात धरलेली सोजरने त्याआधी कधी पाहिली नव्हती. आता बोलतील, असं तिला वाटलं.

कट्.

वाळली तुराटी फार स्वच्छ मोडते. पारावर एवढी माणसं होती, पण तो आवाज साऱ्यांना ऐकू गेला. पाटलांनी दोन्ही तुकडे मागे फेकले. "झालं. उकंडा, तू मोकळा. बाई, तू मोकळी. पोरी लग्नापावतर मायपाशी राहतीन." माणसं उठली, धोतराची माती झटकू लागली. माय रडली नाही. बाबाही नाही.

आपण काय आणून दिलं, ते सोजरला मामाच्या गाडीत बसेपर्यंत कळलं नाही. गाडीत मामी बोलली तेव्हा कळलं.

त्याआधी, घरून निघताना उकंडराव दारात उभा होता. "सोजर," त्याने हाक मारली. ती नेहमीसारखी मायसाठीचा निरोप ऐकून घ्यायला त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याने तोंड उघडलं. मग चुलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"काही नाही. जाय."

पुढच्या हिवाळ्यात रंगूबाईने कामरगावच्या इंद्रभानशी पाट लावला. मुलींना घेऊन गाडी कारंज्यावरून निघाली. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग होती, देवळाच्या कळसावर ऊन होतं. कस्तुरा सगळं बोट दाखवून विचारत होती. सोजर गाडीच्या दांडीला धरून बसली होती. तिच्या डोक्यात गेलं वर्षभर एकच गोष्ट फिरत होती. आपला हात आधी अंबाडीवर पडला होता. अंबाडीची काडी मोडत नाही. तिच्या सालीचे तर दोर करतात. ती वाकते, लोंबते, पण तुटत नाही. आबांनी कसलीही काडी आण म्हटलं होतं. अंबाडीची नेली असती तर बाबांनी ओढली असती, मायने ओढली असती, आणि काडी तशीच राहिली असती. मग पाटील म्हणाले असते, जा, घरी जा.

कारंजा सोडल्यावर एका शेतापाशी बैल सोडले. धुऱ्यावर अंबाडी उभी होती. सोजरने त्यातली वीतभर वाढलेली एक काडी, तोडून नाही, उपटून घेतली आणि परकराच्या नाडीत खोचली.

इंद्रभानचं घर मोठं नव्हतं, पण आवाजाने भरलेलं होतं. तो विधुर होता, मूलबाळ नव्हतं. बैलांशी, कोंबड्यांशी, रस्त्यावरून जाणाऱ्याशी मोठ्याने बोलायचा. घरात त्याची थोरली बहीण हिरीबाई होती. नवरा वारल्यापासून ती भावाकडेच राहत होती. पहिल्या दिवशी तिने दोन्ही मुलींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे दोन गेलड." दुसऱ्या नवऱ्याच्या घरी बाईसोबत येणाऱ्या मुलाला गेलड म्हणतात. सोजरने तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

कस्तुराला इंद्रभानने बैलावर बसवलं, आणि ती उतरायच्या आत त्याला बाबा म्हणाली. सोजरने त्याला कधीच काही हाक मारली नाही. बाबा हा शब्द जऊळक्याच्या बाबाचा होता. तो दुसऱ्याला दिला तर तिकडे त्या घरात काय होईल, कोण जाणे. इंद्रभानशी काही काम असलं तर ती त्याच्या नजरेसमोर जाऊन उभी राही. त्याचं लक्ष जाईपर्यंत उभीच राही.

आणि ती वाट बघत होती. हे घर कधी मोडेल याची.

कारण इथे लोक एकमेकांशी सरळ बोलत. तेही ओरडून.

"अवो, हे वरन हाये का धुनं?" इंद्रभान ताटावरून विचारी.

"धुनं वाटत असन तं नदीवर जाऊन जेवा, तिथी लय पानी हाये!" रंगूबाई चुलीपासून ओरडे.

इंद्रभान हसे आणि आणखी वरण घेई. कस्तुरा दोघांकडे बघत भाकर खाई. पण ते हसणं ऐकायला सोजर तिथे नसेच. आवाज चढला की तिचे पाय गार पडत. जऊळक्यात इतका आवाज कधी झाला नव्हता, तरी घर मोडलं. इथे तर रोजच ओरडतात. ती हळूच मागच्या दाराने बाहेर जाई आणि दिसतील त्या सुट्या काड्या भाऱ्यात खोलवर कोंबून टाकी. घरात हाताशी एकही काडी नको.

एकदा कस्तुरा तिच्या मागे आली. "काय करून राह्यली?"

"चूप. थे भांडून राह्यले."

"मंग? आता जेवतीन."

"तुले नाही समजत."

"तूच विचार ना मायले," कस्तुरा म्हणाली.

विचारणं सोजरला जमण्यासारखं नव्हतं. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर काय येणार ते तिला माहीत होतं: हाव, तूच आणली होती काडी.

मग तिने आपले नेम घालून घेतले. ती भाकर मोडत नसे. तशीच हातात धरून दाताने खाई. मायने दिलेली बांगडी काढून ठेवली, वाढेल म्हणून. आणि पऱ्हाटी मोडणं तिने सोडून दिलं. चुलीला सरपण घालायचं काम तिच्याकडे होतं. ती पुरुषभर लांब पऱ्हाटी अख्खीच्या अख्खी चुलीत सरकवी. शेंडा चुलीत, बुडखा पार मागच्या भिंतीपर्यंत. पुढचं जळेल तसतशी ती पायाने आत ढकलत राही.

"अवो पोरी, मोडून घाल ना! आग भाईर येते," रंगूबाई म्हणे.

"हाव, माय."

"हाव म्हनते अन् आयकत नाही."

हिरीबाई उंबऱ्यावरून बघे. "हे पोरगी एक दिवस घर जाळन. लिहून ठेवा."

नाडीतली अंबाडी रोज रात्री हाताला लागे. ती शाबूत आहे, एवढं चाचपून सोजर झोपे.

ऊन तापायला लागलं होतं. त्या दुपारी भांडण वासरावरून झालं. इंद्रभानने वासरू उन्हात बांधलं आणि विसरला. रंगूबाईने ते पाहिलं.

"मानूस हाये का लाकूड! जीव कोरडा पडला त्याचा!"

"मंग तूच सोडाचं होतं! हात मोडले होते काय?"

मोडले. सोजर चुलीपाशी होती. तो शब्द तिच्या पाठीत बसला. मायने रागाने वासरू सोडलं आणि त्याला विहिरीकडे घेऊन गेली. घर एकदम शांत झालं, जऊळक्यासारखं. आणि त्या शांततेत अंगणात पावलं वाजली. गावातली दोन म्हातारी माणसं येऊन ओट्यावर बसली. मारुतीच्या जत्रेच्या पंगतीचं ठरवायला आली होती, पण हे सोजरला कुठून माहीत असणार? तिला दाराच्या फटीतून एक पांढरं पागोटं दिसलं. अगदी जगदेव पाटलांच्या पागोट्यासारखं.

ती फटीपाशीच उभी राहिली. बाहेर काहीतरी बोलणं चाललं होतं. मग इंद्रभानचा आवाज आला.

"सोजर! एक काडी आण वो लवकर."

तिने नाडीतली अंबाडी चाचपली. ही द्यावी. पण ती वीतभरच होती, आणि ते म्हणाले असते, ही नको, दुसरी आण. घरात भाराभर पऱ्हाटी आहे. दुसरी कुणीही आणील. मग तिला सुचलं ते एकच. काडीच नसली तर?

तिने चुलीजवळचं सगळं सरपण ओढलं आणि चुलीत कोंबलं. पऱ्हाटी, तुराट्या, झाडूचे हीर, होतं नव्हतं ते सारं अख्खंच्या अख्खं. चूल भरून गेली. पुढच्या काड्या पेटल्या, आणि जाळ मागे येऊ लागला. ती पायाने ढकलत होती, पण आत जागा नव्हती. जाळ काड्यांवरून चालत आला. मागची भिंत कुडाची होती, पऱ्हाटी उभी लावून वरून शेणामातीने लिंपलेली. खालचा लेप कधीच गळून पडला होता. उघड्या पऱ्हाटीने जाळ उचलला. तो वर चढायला लागला तरी सोजर हलली नाही. तिला वाटत होतं, आता संपतील काड्या.

कस्तुरा पाणी प्यायला आली आणि किंचाळली.

मग इंद्रभान आत धावला, म्हातारे धावले. रांजण उलटा केला. कुडाचा पेटलेला भाग इंद्रभानने दोन्ही हातांनी उपटून बाहेर ओढला, आणि हिरीबाईने त्यावर टोपल्या टोपल्या माती टाकली. छपराला लागायच्या आत विझलं. भिंतीत एक मोठं भोक पडलं आणि त्यातून मागचं शेत दिसू लागलं. सोजरचा उजवा तळवा भाजला होता. तिला तो दुखतही नव्हता.

रंगूबाई विहिरीवरून पळत आली. तिने मुलीचा हात पाहिला, भिंत पाहिली. "काहून केलं वो? काहून?"

सोजर चुलीत काडी उरली का ते बघत होती.

"म्या म्हनलं होतं का नाही?" हिरीबाई ओल्या मातीचे हात झटकत म्हणाली. "इंद्रभान, सकाळी गाडी जुप अन् इले जऊळक्याले नेऊन घाल. बाप जिता हाये तिचा. आपलं घर काय इच्या खेळाले हाये?"

सोजरला नवल वाटलं नाही. पहिल्या दिवसापासून ती याचीच वाट बघत होती. मायपासून आता तोडतील. जऊळक्याच्या घरात चुलीपाशी कुणी नसेल, आणि दारात बाबा बाहेर बघत बसलेला असेल.

पागोटेवाला म्हातारा खोकला. "बाई म्हनते थे काही खोटं नाही, इंद्रभान. आगीचा खेळ वाईट."

रंगूबाई उभी राहिली. तिचा आवाज लहान झाला होता. "पोरगी जाईन तं मी बी जाईन."

सोजरला तो आवाज आधीच ऐकू आला. कट्.

"नाही!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. "मी जातो! मले एकटीले धाडा! तुमी काडी नका मोडू!"

"कायची काडी?" इंद्रभान म्हणाला.

उत्तर कस्तुराने दिलं, भिंतीच्या भोकापाशी उभं राहून, रोजच्या बोलण्याच्या आवाजात. "थे काडी मोडतच नाही. भाकर बी नाही मोडत. जऊळक्यात तिनं काडी आनून देल्ली ना, तं तिले वाटते तिच्यानंच झालं. तुमी काडी मांगतली, तिले वाटलं आता इथलं बी मोडते."

इंद्रभानने म्हाताऱ्याच्या हातातल्या चिलमीकडे पाहिलं. म्हाताऱ्यानेही पाहिलं.

"चिलमीचं भोक बुजलं होतं, माय माही," इंद्रभान हळू म्हणाला. "त्याले पाह्यजे होती."

रंगूबाई खाली बसली. "सोजर, इकडं पाह्य. असं वाटते तुले?"

"मी वाळली आनली," सोजर म्हणाली. आता रडू फुटलं होतं. "अंबाडी होती तिथीच. अंबाडी आनली असती तं मोडली नसती. मी साफ पाहून वाळली आनली." आणि तिने भाजलेल्या हाताने नाडीतली काडी काढून मायपुढे धरली, जणू अजूनही बदलून घेता येईल.

रंगूबाईने ती घेतली. बोटांनी चाचपली. मग साल एका टोकाकडून सोलत गेली. साल निघाली तशी आतली पांढरी काडी दोन तुकड्यांत तिच्या मांडीवर पडली.

"मी नाही मोडली!" सोजर घाबरून म्हणाली.

"कोनीच नाही मोडली. आतच मोडली होती. वरून साल धरून होती." रंगूबाईने दोन्ही तुकडे उचलून हातात घेतले. "मी बी तशीच राह्यली वो, बाई. तू रांगत होती तवापासून. तू काडी आनली त्याच्या आधी मीच तुह्या मामाले सांगून धाडलं होतं, का मले इथी राहाचं नाही. म्या सांगतलं. तू नाही. तू मुळी काडी आनलीच नसती तं पाटलानं दुसऱ्या कोनाले घरी धाडलं असतं."

"तुले बाबाचा निरोप मी खोटाच सांगत होतो," सोजर म्हणाली. तिला सगळंच सांगून टाकायचं होतं.

"मले आयकू येत होतं ना. मी बहिरी होतो काय?" रंगूबाईने तिचं तोंड पदराने पुसलं. "तुह्यासाठी भाकर वाढत होतो."

हिरीबाई अजून माती टाकायची टोपली घेऊन उभी होती. "हे सारं ठीक हाये. पन घराचं काय?"

"आक्का, सकाळी गाडी जुपाचीच हाये," इंद्रभान म्हणाला. "पन वावरात. कुडाले नवी पऱ्हाटी आना लागन. पोरगी इथीच राहीन."

एवढं म्हणून तो ओट्यावर गेला आणि स्वतःच एक काडी शोधून चिलीम साफ करू लागला.

सकाळी त्याने पऱ्हाटीचा भारा आणून टाकला आणि सोजरला बोलावलं. ती येऊन त्याच्या नजरेसमोर उभी राहिली.

"भोक बुजवाचं हाये. ही लांब हाये, बसत नाही. इथून मोड."

तिने पऱ्हाटी हातात घेतली. भाजल्या हाताला फडकं बांधलेलं होतं. पलीकडे रंगूबाई लिंपायच्या मातीचा गारा तुडवत होती. सोजरने तिच्याकडे पाहिलं. मग इंद्रभानकडे. मग डोळे मिटले.

कट्.

"अवो, हा गारा हाये का ताक!" इंद्रभान त्याच क्षणी ओरडला. "पातळ केला सारा!"

"तुमीच पानी ओतलं! डोळे हायेत का कवड्या?" रंगूबाई तिकडून ओरडली.

सोजरने डोळे उघडले. तिचे पाय गार पडले होते, नेहमीसारखेच. पण ती पळाली नाही, कारण भिंतीच्या भोकात पहिली पऱ्हाटी धरून ठेवायची होती आणि दुसरं कुणी रिकामं नव्हतं. दोघं ओरडत होते, आणि इंद्रभान हसला तेव्हा ती तिथेच होती. तिने ते हसणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

"एवढी पुरे का?" तिने त्याला विचारलं.

"आनखी बोटभर," तो म्हणाला.

भीती त्या दिवसाने गेली नाही. पुढेही कितीतरी दिवस ती काडी मोडून मायचं तोंड बघायची. पण मोडायची. कामरगावातच तिचं लग्न झालं. लग्नाला उकंडराव जऊळक्याहून आला होता, मांडवाच्या कडेला बसला होता. सोजरने त्याच्या पाया पडताना विचारलं, "बाबा, मी निंगालो तवा तुमी काय सांगत होते?"

"कवा?" उकंडराव म्हणाला. त्याला आठवत नव्हतं. एवढी वर्षं तिने तो निरोप न नेल्याचं ओझं वाहिलं होतं. कस्तुराला तर त्या पारावरच्या दुपारचं एवढंच आठवे, की आपल्याला फार झोप आली होती.

लग्नाला पुष्कळ वर्षं उलटून गेल्यावरची गोष्ट. सोजरबाईच्या शेजारच्या घरात काडीमोड ठरली. पंच अंगणात बसले. त्या घरची विजयमाला, सहा-सात वर्षांची, खांबाला धरून उभी होती. एका पंचाने तिला बघून सहज म्हटलं, "ए बाई, घरातून एक काडी आण बरं."

मुलगी वळली, धावण्याच्या बेतात.

"थांब," सोजरबाई बायांमधून उठून म्हणाली. "पोरीले नका सांगू."

"काडीच तं आनाची हाये. त्याले काय होते?"

"मी आनतो."

"तू त्या घरची नाही."

"मंग बाप आनन. माय आनन. ज्याले मोडाची हाये त्यानं आनाव. पोरगी नाही आनन."

पंच एकमेकांकडे बघू लागले. रिवाजात असं काही नव्हतं, आणि त्याविरुद्धही काही नव्हतं. शेवटी मुलीचा बाप उठला आणि घरातून काडी घेऊन आला.

सोजरबाईने विजयमालाला मांडीवर घेतलं. मुलीने वर पाहिलं. "काकू, कायले पाह्यजे काडी?"

सोजरबाईने तिला सगळं सांगितलं. काय होणार, मग माय कुठे राहील, बाबा कुठे राहील. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "हे तुह्यानं नाही झालं."

"मंग कोनानं झालं?"

"त्या दोघाइचं झालं. त्याइलेच इचार. पुन्हा पुन्हा इचार. सांगतीन नाही तं मले इचार."

अंगणात दोघांनी काडीची टोकं धरली. विजयमाला बघत होती. सोजरबाईने तिचे कान झाकले नाहीत. तिला जवळ घट्ट धरलं, आणि स्वतःचे डोळे मिटले.